पाटीखालची मान

आगरदांडा,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

ती. आत्याबाईंना नलूचा नमस्कार. इस्पितळानं मान वाकवायची मनाई केली आहे, म्हणून हा नमस्कार उभ्यानंच घ्या. त्याचाही राग येणार असेल तर येऊ दे, बाकीच्या रागात तो कुठं दिसणार आहे?

मी फास घेतलेला नाही.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण काल थळची होडी इथं लागली आणि तिच्यावरच्या माणसांनी सांगितलं की तुम्ही वन्संच्या ओटीवर बसून ऊर बडवून घेतलात. "सुनेनं माज्या नावानं फास घेतला" म्हणालात म्हणे. सदूभावोजी, सासूबाईंना पत्रं वाचून दाखवायचं काम जावई म्हणून तुमच्या गळ्यात पडलं आहे, तर हे वाक्य दोनदा वाचा: नलू जिवंत आहे, भाकऱ्या थापते आहे, आणि तिला कोणाच्याही नावानं मरायची हौस नाही.

झालं ते असं. मुंबईच्या इस्पितळात मानेला ताण देतात. हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कप्पीवरून पलीकडे, आणि त्या टोकाला वाळूची पिशवी. पट्ट्यात डोकं अडकवून ताठ बसायचं, म्हणजे मान वर ओढली जाते आणि मणक्यांत चेंगरलेली शीर जरा मोकळी होते. तुमच्या चिरंजीवांनी तेच घरी केलं. शिडाचं जुनं कापड दुहेरी शिवलं आणि मचव्यावरची कप्पी काढून आढ्याला बांधली. इस्पितळातला पट्टा चामड्याचा आहे आणि त्याला मासळीचा वास येत नाही, एवढाच फरक. मी उंच पिंपावर बसले होते, पाय जमिनीला टेकत नव्हते. तेवढ्यात शेजारची आवडाबाई काडेपेटी मागायला आली.

तिला दारातून काय दिसलं? आढ्याला दोर, दोरात माझं डोकं, खाली लोंबते पाय. ती जी ओरडली ती खाडीपलीकडे दिघीला ऐकू गेली असेल. "तुळशीरामा, धाव रं! नलूनं जीव दिला!" आणि माझी हनुवटी बांधलेली. अगं बाई, मी जिवंत आहे, असं म्हणायला गेले तर नुसतं "अं अं" निघालं. ते ऐकून तिला वाटलं जीव चालला. तिनं चुलीजवळची कोयती उचलली आणि दोर कापला. पिशवी खाली आली ती धावत आलेल्या तुमच्या चिरंजीवांच्या पायावर. अंगठा अजून सुजलेला आहे. पुढं सगळा कोळीवाडा आमच्या ओटीवर. कोणी माझ्या तोंडावर पाणी मारतंय, कोणी त्यांना विचारतंय, "काय बोल्लास तिला?" ते पाय धरून नाचताहेत आणि लोकांना वाटतंय दुःखानं नाचताहेत. आवडाबाई तेव्हापासून गावभर सांगत फिरते की तिनं मला वाचवलं. आता मी तिचे उपकार मानायचे आहेत.

एवढीच गोष्ट. आता मूळ मुद्दा, जो तुम्ही ऊर बडवण्यात विसरलात.

मला दोन वर्षं ही कळ येते आहे. मानेत उठते, कानामागून टाळूवर चढते आणि डोळ्यात उतरते. शिंगाळा माशाचा काटा भरल्यावर हात जसा झिणझिणत पेटतो, तसं अर्धं डोकं पेटतं. तुम्ही मानेवर बिब्बा घातलात, चट्टा उठला, कळ तशीच. भगताकडे नेलंत, कोंबडा गेला, कळ तशीच. एका दातवाल्यानं माझी चांगली दाढ उपटली. मग तुम्ही म्हणालात, "ढोंग हाय. आमी काय डोकी घरी ठेवून पाट्या व्हायलो?" शेवटी तुमच्या चिरंजीवांनी मला आगबोटीत घातलं. इस्पितळात व्यायामाच्या एक बाई आहेत, पोलिओ झालेल्या पोरांना चालायला शिकवतात. त्यांनी माझी मान चाचपली आणि विचारलं, डोक्यावर काय वाहता? मी म्हटलं, मासळी. किती वर्षं? मी म्हटलं, कळायला लागल्यापासून. त्या म्हणाल्या, आता बंद.

त्या 'बंद'वरून तुम्ही घर सोडलंत. मी परत आले त्या दिवशी तुम्ही बंदरावर सगळ्यांदेखत म्हणालात, "पाटी जी उचलंल तीच या मचव्याचं म्हावरं विकंल. माजा शब्द हाय." मला दाखवायला स्वतः पाटी उचललीत, चार पावलं टाकलीत, रागानं आपटलीत, आणि संध्याकाळच्या होडीनं थळला गेलात. तुमचे चिरंजीव वादळाला भीत नाहीत, पण तुमचा शब्द मोडायची त्यांची छाती नाही. आपलं म्हावरं आता त्यांच्या चुलत भावाची बायको वेणूबाई घेते, आणि बोर्लीला न जाता इथंच धक्क्यावर दलालाला ओतून मोकळी होते. बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं बसायचं ठिकाण रिकामं आहे. जी जागा तुमच्या सासूनं तुम्हांला दिली आणि तुम्ही मला.

मला ती जागा हवी आहे. डोक्याशिवाय म्हावरं नेता येतं, हे मी तुम्हांला सांगून थकले. इथून होडीत टोपल्या चढवायला घरातले पुरुष आहेत. दिघीला काळूराम गाडीवान आहे, तो तिथं पेंढा उतरवून रिकामी बैलगाडी बोर्लीला नेतो. तो भाड्यापोटी सुके बोंबील घेऊन मला आणि टोपल्यांना न्यायला तयार आहे. मी वजनाला हात लावणार नाही, विकणार मात्र मीच. तुम्ही फक्त शब्द मागे घ्या. एक ओळ पुरे.

तुमची सून,
नलू

आगरदांडा,
ता. २६ फेब्रुवारी १९५९

ती. आत्याबाईंना नमस्कार.

एक ओळ मागितली होती, तुम्ही दोन पानं पाठवलीत. त्यात माझ्या एका ओळीचं नाव नाही.

पहिल्या पानावर शिव्या आहेत, त्या मी तुमच्या आवाजात वाचल्या आणि घरात जरा गजबज झाल्यासारखी वाटली. गाडीतून पेंढा येतो, कोळणीचं म्हावरं येत नाही, हे तुमचं म्हणणंही समजलं. पण दुसरं पान काय आहे? शेक मिठाचा की वाळूचा? शेकताना कळ वाढली तर थांबायचं की तसंच रेटायचं? निजताना उशी डोक्याखाली की मानेखाली? हनुवटी आत म्हणजे किती आत? अक्षर सदूभावोजींचं, पण प्रश्न तुमचे. कोर्टातला वकील साक्षीदाराला असंच खोदून विचारतो. नलू मुंबईला खरंच काही शिकली की नुसती गिरगाव बघून आली, हे तुम्हांला पडताळायचं आहे. घ्या पडताळून.

शेक मिठाचा. तव्यावर जाडं मीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं, आपल्या हाताला सोसवेल तेवढंच गरम. टाळूवर द्यायचा नाही, मानेच्या मुळाशी आणि खांद्यावर द्यायचा. कळ वाढली की थांबायचं. सोसलं म्हणून कोणी शाबासकी देत नाही, हे तिथल्या बाईंचं वाक्य आहे आणि ते या घरात भिंतीवर लिहायला पाहिजे.

उशी काढून टाकायची. लुगड्याची गुंडाळी करून मानेच्या खळग्यात ठेवायची.

हनुवटी आत घ्यायची म्हणजे खाली घालायची नव्हे. नवी नवरी लाजते तसं नाही. कोणी नाकाशी सडका मासा धरला तर डोकं कसं सरळ मागं जातं? तसं. मी हे करायला बसले की पोरं समोर येऊन नाक धरतात.

आणखी एक आहे. कपाळाला तळवा लावायचा. डोक्यानं तळव्याला रेटायचं, तळव्यानं डोक्याला, आणि दोघांपैकी कोणीच हलायचं नाही. थोडक्यात, तुमचं आणि माझं चालतं तसं. फरक इतकाच की यानं मान घट्ट होते.

आता चांगली बातमी. परवा बाईंना दाखवायला पुन्हा मुंबईला जाऊन आले. कळ गेलेली नाही, खोटं सांगत नाही, पण पूर्वी आली की दिवस घेऊन जायची, आता घटकाभर वेळ घेऊन जाते. बाई खूश झाल्या. त्यांनी मला सरळ उभं केलं, टाळूवर मूठभर वाळूची लहानशी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, ही पडू न देता चाला. आपली मान कुठं झुकते ते त्यानं आपल्याला कळतं. मी चालायला लागले तर सगळी खोली बघत राहिली. पोलिओची पोरं टाळ्या वाजवायला लागली. आमच्यासारखं चालणारं त्यांनी कधी बघितलं असणार? बाई म्हणाल्या, हे तुम्हांला शिकवायची गरजच नाही.

झालं पडताळून? मग शब्दाचं काय? काळूराम रोज विचारतो. त्याचे बैल माझी वाट बघतात असं तो म्हणतो, पण तो बोंबलांची वाट बघतो.

नलू

आगरदांडा,
ता. १२ मार्च १९५९

आत्याबाई,

ती वाळूची पिशवी मी तुम्हांला कशाला कळवली, असं मला झालं आहे.

"इस्पितळच डोक्यावर वजन द्याया लागलं. मूठभर वाळूनं मान सुदरते, तर पाटीभर म्हावऱ्यानं किती सुदरंल!" हे तुम्ही पत्रात घातलंत ते घातलंत, वर थळच्या होडीवाल्यांजवळ तोंडीही पाठवलंत. ते त्यांनी आपल्या बंदरावर मोठ्यानं सांगितलं. आता सगळ्या कोळीवाड्याचं एकमत आहे की मुंबईच्या इस्पितळात पाटीचा इलाज चालतो, आणि नलूचं दुखणं पाटी हलकी वाहिल्यानं झालं. आवडाबाई रिकामी घागर डोक्यावर घेऊन मला विचारायला आली, "एवढ्यानं माजं गुडघं बरं व्हतील काय गो?" वेणूबाई आपलं म्हावरं डोक्यावर घेऊन मुद्दाम माझ्या दारावरून दलालाकडे जाते आणि म्हणते, "मी तर रोजच विलाज घेते."

मी सांगते, पिशवी मुठीएवढी असते, ती दाबायला नसते, मान सरळ आहे का ते कळायला असते. कोण ऐकतो? ज्यांचं सगळं आयुष्य डोक्यावर वजन घेण्यात गेलं त्यांना डोक्यावरच्या वजनाचं औषधच ऐकू येतं. तुमचे चिरंजीवसुद्धा परवा जेवताना म्हणाले, "थोडी थोडी वाढवत न्हेली तर?" मी त्यांना वाढलं आणि उठले.

मग मी एक केलं. तुमच्या सगळ्यांच्या समाधानासाठी. दुपारी घरात कोणी नसताना चुंबळ घेतली, अर्धी पाटी सुकट भरली आणि डोक्यावर घेतली. ओटीपासून परसापर्यंत गेले. काही झालं नाही. मला इतका आनंद झाला की मी परत फिरले आणि आणखी एकदा गेले. सांगायचं तर मला पाटीची आठवण येत होती. पाटी घेतली की खांदे खाली येतात, हात मोकळे होतात, बाई चालायला लागते. गाडीत टोपल्यांशेजारी बसायचं या विचारानंच आजारी बकरीसारखं वाटतं. हे मी तुम्हांलाच सांगते, कारण तुम्हांलाच ते कळेल.

संध्याकाळी कळ आली. चार दिवस डोळा उघडला नाही. भात शिजवायला शेजारीण आली. तुमचे चिरंजीव माझ्या उशाशी बसून राहिले आणि मचवा दुसऱ्यांनी नेला. आता त्यांनी 'थोडी थोडी' हा शब्द सोडला आहे. तुम्हीही सोडा.

आणि ते तुमचे प्रश्न! या खेपेस काय तर, फणी लागली तर कळ येते का? घास चावताना येते का? वाऱ्याची झुळूक कानाला लागली तर? केस मोकळे सोडले तरी जड वाटतात का? आत्याबाई, मी फणीचं कधी काही लिहिलं नाही. मला फणीनं काही होत नाही. चावायलाही काही होत नाही, होत होतं ते दातवाल्यानं दाढ उपटल्यावर. तुम्ही दुखणी कुठून शोधून काढता? मी 'हो, फणी लागते' म्हणाले असते तर तुम्ही म्हणणार होता, बघा, खोटारडी, काल तर अंबाडा घालून मुंबईला गेली. मला सगळं कळतं.

प्रश्न पुरे. शब्दाचं बोला.

नलू

आगरदांडा,
ता. १८ मार्च १९५९

आत्याबाई,

शिमगा तोंडावर आला. होळीला तुम्ही नाहीत असं या घरात कधी झालेलं नाही. पोरं विचारतात, आजी कधी येणार? मी सांगते, आजी रुसली आहे. ती विचारतात, कोणावर? मी सांगते, माझ्या मानेवर. त्यांना ते पटत नाही आणि मलाही.

म्हावऱ्याचं आता बोलत नाही. होळीला या. सणाला माणसं नुसती येतात, शब्द मागे न घेताही येतात.

नलू

आगरदांडा,
ता. २९ मार्च १९५९

आत्याबाई,

होळीला तुम्ही आला नाहीत, वन्सं एकट्या आल्या. होळी पेटली, सगळे तिकडे गेले, आणि वन्संनी मला हाताला धरून पडवीत नेलं. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वैनी, आयनं केस कापलं गो. डाव्या अंगाचं सगळं. फणी सोसवत न्हाय."

मला आधी समजलंच नाही. कोळणीनं केस कापले? तेही तुम्ही? ज्या तुम्ही माझ्या अंबाड्याची एक बट सुटली तर हटकायच्या? मग वन्संनी सगळं सांगितलं. तुम्ही महिनाभर फडकं बांधून बसता. घास उजव्या बाजूनं चावता. सदूभावोजींना माझी पत्रं पुन्हा पुन्हा वाचायला लावता, शिव्यांची नव्हेत, शेकाची आणि हनुवटीची. वन्सं स्वयंपाकाला वळल्या की तुम्ही भिंतीला टेकून हनुवटी आत घेता आणि कोणी आलं की खोकल्याचं नाटक करता.

किती वर्षं, मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "बा हुता तवापासनं."

मामंजी वारले त्याला माझ्या लग्नाइतकी वर्षं झाली.

म्हणजे मी या घरात आले तेव्हापासून तुम्हांला ही कळ आहे. मी पहिल्यांदा डोकं धरून खाली बसले तेव्हा मला कुठं दुखतंय हे या साऱ्या कोळीवाड्यात फक्त तुम्हांला नेमकं ठाऊक होतं. आणि तुम्ही म्हणालात, ढोंग हाय. बिब्बा घातलात तो बरोबर त्या जागेवर घातलात. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला कसं कळलं.

मला रडू आलं, आत्याबाई. होळीचे ढोल वाजत होते म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. कींव आली म्हणून नाही रडले. संताप आला होता. दोन वर्षं मी एकटी होते. मला वाटायचं माझंच डोकं वाईट आहे, मीच आळशी आहे. आणि तुम्ही चुलीच्या दुसऱ्या बाजूला तीच कळ घेऊन बसलेल्या! एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? दोघी मिळून कण्हलो असतो.

त्या दिवशी बंदरावर तुम्ही पाटी आपटलीत, ती रागानं नव्हती. तुम्हांला पुढं चालवलंच नाही. आम्ही सगळे तुमच्या रागाला भिऊन मागं सरलो आणि तुम्ही तसंच होऊ दिलंत. मग थळ. मानेचं कळू नये म्हणून रुसवा. रुसायला तुम्ही माझी मान घेतलीत, कारण तुमची दाखवायची नव्हती. असा कारभार मी आजवर बघितला नाही.

आणि आता तुमचा निरोप. वन्संनी तो शब्दाला शब्द सांगितला: "नलूला सांग, म्हावरं घे, माजा शब्द सोडला. पन माजं कोनाला बोलू नको."

जो शब्द मी तीन पत्रं लिहून मागितला, तो आता मला गप्प बसायचं बक्षीस म्हणून मिळतो आहे. तो मला तसा नको. मी म्हावरं चांगलं विकते म्हणून द्या. बोर्लीच्या बायका अजून काळूरामाला विचारतात, तुमची नलू कधी येणार, म्हणून द्या. गप्प बसते म्हणून देणार असाल तर ठेवा तुमच्याजवळ, कारण मी गप्प बसलेली नाही. तुमच्या चिरंजीवांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते उठून बंदरावर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "आयला आनूया." तेवढंच. कोळीवाड्याला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही स्वतः सांगाल, किंवा आवडाबाई दोर कापायला येईल तेव्हा आपोआप कळेल.

आता मी काय ठरवलं आहे ते ऐका, सदूभावोजी, सावकाश वाचा.

येत्या रविवारी तुमचे चिरंजीव आणि मी मचव्यानं थळला येत आहोत. तुम्हांला आगरदांड्याला आणायला नाही. थळवरून थेट मुंबई. व्यायामाच्या बाई बुधवारी नवीन माणसं बघतात. मी त्यांना कळवलं आहे की सासू आणते आहे, तापट आहे, आणि प्रश्न फार विचारते. महिनाभर राहावं लागेल. मी तुमच्याबरोबर राहणार, कारण तुम्ही त्यांच्या हातात मान देणार नाही हे मला माहीत आहे.

महिनाभर म्हणजे हंगाम संपला. म्हणजे बोर्ली यंदा गेली. हे मला कळत नाही असं समजू नका, गेले दोन महिने मी दुसरं काही मागितलेलं नाही. काल मी वेणूबाईकडे गेले. तिला म्हटलं, पावसाळ्यापर्यंत आमचं म्हावरं तूच घे, पण धक्क्यावर ओतू नको, बोर्लीला ने, माझ्या जागेवर बस आणि ती जागा राख. काळूरामाची गाडी घे, डोकं वापरू नको. तिनं विचारलं, "आत्याबायनं सांगितलं काय?" मी म्हटलं, नाही. मी सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. तेव्हा शब्द आता तुमच्याकडं नाही, आत्याबाई. तुम्ही सोडलात आणि मी उचलला. मान सांभाळून उचलला.

तिथं काय होईल तेही सांगून ठेवते. बाई तुम्हांला निजवतील, डोक्याशी बसतील, तुमचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतील आणि म्हणतील, सोडा. तुम्ही म्हणाल, सोडलंय की. त्या म्हणतील, नाही, तुम्हीच धरून ठेवलंय. आपल्याला ते जमत नाही. आपलं डोकं दुसऱ्याच्या हातात टाकायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. माझं सुटायला कितीतरी दिवस गेले, आणि सुटलं तेव्हा मी त्या परक्या बाईसमोर लहान पोरीसारखी रडले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. केस कापल्याचं बघून त्या काही म्हणणार नाहीत. पूर्ण बऱ्या व्हाल असं मी म्हणत नाही, मीही झालेले नाही. पण फणी लागेल आणि तुम्ही ओरडणार नाही, इतकं होईल.

यायचं नाही असं कळवू नका. तुमचं पत्र इथं पोचेपर्यंत आम्ही निघालेले असू.

लग्न होऊन आल्यावर तुम्ही मला पहिल्यांदा बोर्लीच्या रस्त्याला नेलंत तेव्हाचं आठवतं? समोरून तुमची वैरीण येत होती, जिच्याशी तुम्ही वर्षानुवर्षं बोलत नव्हता. तिला पाटी उतरवायची होती. तुम्ही वाटेत थांबलात, तिच्या पाटीला हात लावलात, दोघींनी मिळून ती खाली ठेवली, आणि मग एकमेकींकडं न बघता चालायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "डोक्यावरचं एकटीला उतरवता येत न्हाय. आदी हात लावायचा, मंग भांडायचं." कोळीवाड्यातल्या कुठल्याही बाईनं या रस्त्यावर दुसरीला नाही म्हटलेलं मी बघितलं नाही.

तेव्हा रविवारी मी हात लावायला येते आहे. भांडायला मुंबईपर्यंतचा समुद्र पुरेल.

तुमची सून,
नलू